रोगजंतू, प्रतिकारशक्ती आणि आपली मुले

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)





मी जैवतंत्रज्ञानाची पदवीधर आहे असे सांगितले, की पहिला प्रश्न येतो, "म्हणजे डॉक्टर का?" नाही. डॉक्टर रोग्याला तपासतात. आम्ही रोगजंतू आणि शरीर यांच्यातील झुंज तपासतो. बारावीला जीवशास्त्र घेऊन मी बी.एस्सी. आणि पुढे एम.एस्सी. झाले. सध्या क्षयाचे जंतू आणि प्रतिकारशक्ती हा माझ्या संशोधनाचा विषय आहे.

रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधल्याचे २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केले. हा जंतू श्वासावाटे फुप्फुसात शिरला, की शरीरातील भक्षकपेशी त्याला गिळतात. इतर बहुतेक जंतू तेथेच पचून जातात. हा मात्र पेशीची पचनक्रियाच रोखतो आणि तिच्याच पोटात मुक्काम करतो. मग टी-पेशी मदतीला येतात, भक्षकपेशींना बळ देतात आणि जंतूभोवती पेशींची तटबंदी उभी राहते. जगातील सुमारे एक चतुर्थांश लोकांना हा संसर्ग झाला असावा, असा अंदाज आहे. त्यांपैकी शेकडा ५ ते १० जणच पुढे आजारी पडतात. उरलेल्यांची तटबंदी का टिकते, हे आम्ही शोधतो. कुपोषण, मधुमेह, धूम्रपान आणि एचआयव्ही यांमुळे ती ढासळते, एवढे निश्चित आहे.

बीसीजी लस १९२१ मध्ये प्रथम देण्यात आली. लहान मुलांना ती मेंदूच्या क्षयासारख्या गंभीर प्रकारांपासून वाचवते. प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयावर तिचा तेवढा भरवसा नाही. म्हणजे काम शिल्लक आहे, आणि ते आपल्या मुलामुलींनीही करावयाचे आहे.

हे ज्ञान आपल्याला परके नाही. देवी आणि गोवर हे वेगळे रोग आहेत, हे अर-राझी यांनी हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवले. १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची साथ असताना हाफकिन यांची लस टोचून घेण्यास लोक घाबरत होते. तेव्हा तिसरे आगाखान यांनी ती सर्वांसमक्ष स्वतः टोचून घेतली.

पालकहो, एम.बी.बी.एस.ला प्रवेश मिळाला नाही म्हणून मुलीचे शिक्षण बारावीवर थांबवू नका. एम.एस्सी.नंतर नेट परीक्षेतून संशोधनाची फेलोशिप मिळवता येते. तिच्यात दरमहा विद्यावेतन असते. पुण्यात राष्ट्रीय विषाणू संस्था आणि राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, मुंबईत हाफकिन संस्था आहे. विद्यार्थ्यांनो, ही दारे गुणांनी आणि चिकाटीने उघडतात.

आणखी एक विनंती. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर थुंकी तपासून घ्या. क्षय निघाल्यास तो लपवू नका. सरकारी दवाखान्यात औषधे मोफत मिळतात. बरे वाटू लागले म्हणून ती मध्येच सोडू नका. अर्धवट उपचारातून वाचलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात, आणि मग त्याची किंमत सारे घर मोजते.