रोमचा हसरा गुलाम
(मंडळाच्या कौटुंबिक चित्रपट-संध्येत, चित्रपट पाहून झाल्यानंतर केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेला दीड तास आपण सर्वजण पोट धरून हसलो. त्याचा आम्हांला संकोच वाटत नाही. परंतु हा चित्रपट दाखवायचे ठरले, तेव्हा आपल्यातील काही पालकांनी एक प्रश्न केला होता आणि त्याचे उत्तर देण्याचे आम्ही मान्य केले होते. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी गावकुसाबाहेर जन्म काढला, त्यांनी गुलामाच्या फजितीवर हसावे काय? प्रश्न रास्त आहे. शिवाय आपण राहतो त्या अमेरिकेतील हायस्कुलांमधून ही संगीतिका वरचेवर रंगमंचावर येते. उद्या आपल्याच एखाद्या मुलाच्या वाट्याला त्यातील गुलामाची भूमिका येईल, तेव्हा घरात हा विषय निघणारच.

'अ फनी थिंग हॅपन्ड ऑन द वे टू द फोरम' हा चित्रपट १९६६ साली रिचर्ड लेस्टर यांनी दिग्दर्शित केला. त्याच नावाची संगीतिका १९६२ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आली होती. गीते आणि संगीत स्टीफन सॉन्डहाइम यांचे, संहिता बर्ट शेव्हलव्ह आणि लॅरी गेलबार्ट यांची. कथानक आपण आताच पाहिले, म्हणून दोन वाक्यांत सांगतो. स्यूडोलस नावाच्या गुलामाला स्वतंत्र व्हायचे आहे आणि त्याच्या तरुण धन्याला शेजारच्या कुंटणखान्यातील फिलिया ही मुलगी हवी आहे. ती मिळवून दिलीस तर तुला मुक्त करतो, असा सौदा ठरतो. पण तिला एका बढाईखोर सेनानीने आधीच विकत घेतलेले असल्यामुळे पुढचा सारा गोंधळ माजतो.

ही पात्रे मुळात ब्रॉडवेची नव्हेत. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या आरंभी रोममध्ये प्लॉटस नावाचा नाटककार लिहीत होता. त्याची सुमारे वीस नाटके आज उपलब्ध आहेत. त्यांतील दोन-तीन नाटकांचे धागे गुंफून ही संगीतिका तयार झाली. मालकाला चकविणारा, तोंडाळ, तल्लख गुलाम हा प्लॉटसचा हुकमी एक्का. आपल्या तमाशाच्या वगातला सोंगाड्या राजालाही चार शब्द सुनावतो, तशी ही जात आहे असे म्हणावे. (जात हा शब्द येथे अनवधानाने आला, क्षमा असावी.)

प्लॉटसचे 'स्यूडोलस' हे नाटक इसवी सनापूर्वी १९१ साली, पॅलाटाइन टेकडीवर देवीच्या नव्या मंदिराचे अर्पण झाले त्या उत्सवात खेळले गेले. त्याआधी पाचच वर्षे, इसवी सनापूर्वी १९६ साली, एट्रुरियात गुलामांनी उठाव केला होता आणि रोमच्या सैन्याने तो मोडून काढून पुढाऱ्यांना सुळावर चढविले होते. म्हणजे रंगमंचावर गुलाम धन्यावर मात करीत असताना पाहणाऱ्यांतील अनेकांना तो उठाव ताजा आठवत असणार. ते तरीही हसले. आमच्या मते त्यांना हसणे परवडले, कारण नाटकातला स्यूडोलस स्वतःसाठी काहीच मागत नाही. तो धन्याच्या मुलाला त्याची प्रेयसी मिळवून देतो, म्हाताऱ्या धन्याशी लावलेली पैज जिंकतो, यथेच्छ दारू पितो आणि गुलामच राहतो. चाबकाचे आणि सुळाचे विनोद तो स्वतःच करतो. दुसऱ्या दिवशी रोममध्ये काहीही बदललेले नसते.

दोन हजार वर्षांनंतर शेव्हलव्ह आणि गेलबार्ट यांनी या जुन्या कथेत मुख्य बदल केला तो येथेच. त्यांचा स्यूडोलस आपल्या हुशारीची किंमत मागतो आणि ती किंमत स्वातंत्र्य ही असते. मूळ संगीतिकेत या मागणीचे एक स्वतंत्र गाणे आहे. मुक्त झाल्यावर आपण कसे दिसू, नागरिक म्हणून कसे वागू, मत कसे देऊ, याची चित्रे तो रंगवितो आणि 'स्वतंत्र' हा शब्द धन्याकडून एकेक अक्षर सुटे करून उच्चारून घेतो. ज्यांच्या घरी पहिली पाटी एका पिढीपूर्वी आली, त्यांना या क्षणाचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

आपण आता जो चित्रपट पाहिला, त्यात हे गाणे नाही. संगीतिकेतील बरीच गाणी चित्रपटात गळली, त्यांत हेही गेले. घरोघरी एक मोलकरीण हवी, असे घोळक्याने नाचत सांगणारे गाणे मात्र राहिले, आणि त्यात आपला गुलाम धन्याच्या खांद्याला खांदा लावून नाचतो. पाठलागाला, रथांच्या शर्यतीला वेळ हवा होता हे खरे. पण काय ठेवले आणि काय टाकले यावरून निवड करणाऱ्यांचे मन कळते.

लेस्टर यांना एका गोष्टीचे श्रेय दिले पाहिजे. 'बेन-हर' आणि 'क्लिओपात्रा' यांसारख्या चित्रपटांनी पांढऱ्याशुभ्र संगमरवराचे रोम दाखविले. लेस्टर यांनी माद्रिदच्या परिसरात उभे केलेले रोम कळकट आहे. भाजीपाला, जनावरे, घाम आणि राबणारी माणसे त्यात दिसतात. शेवटच्या श्रेयनामावलीत तर चित्रांमधून माश्या फिरतात. आम्हांला हे रोम अधिक खरे वाटते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. गुलामाला सौदा करता येतो, ही नाटककारांची कल्पना नव्हे. रोममध्ये धनी गुलामाला गाठीला थोडी पुंजी बाळगू देत असे आणि ती साठवून कित्येकजण स्वतःची सुटका विकत घेत. सुटकेवर शेकडा ५ असा करही होता. रीतसर मुक्त झालेला पुरुष डोक्यावर लोकरीची टोपी घालून नागरिक म्हणून बाहेर पडे. त्याला मताधिकार मिळे, अधिकारपदे मात्र मिळत नसत. मुक्तीनंतर जन्मलेल्या त्याच्या मुलावर तो डाग उरत नसे. याच रोममध्ये खाणींत माणसे झिजून मेली आणि स्पार्टाकसचा उठाव मोडल्यावर इसवी सनापूर्वी ७१ साली कापुआपासून रोमपर्यंतच्या रस्त्यावर ६००० जणांना सुळावर दिले गेले, हेही विसरता येत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रोमन गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना केली आहे. महाराष्ट्र शासनाने १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखनाच्या पाचव्या खंडात ती वाचावयास मिळते. बॅरो यांच्या रोमन गुलामगिरीवरील ग्रंथाच्या आधारे ते दाखवितात, की रोममधील गुलाम ग्रंथपाल होते, लेखनिक होते, वैद्य आणि शिक्षकही होते. गुलाम ही धन्याची मौल्यवान मालमत्ता असल्यामुळे धनी त्याला पोसे आणि शिकवी. अस्पृश्याची जबाबदारी कोणावरच नव्हती. गुलामगिरीचे समर्थन बाबासाहेब करीत नाहीत. त्यांचे म्हणणे असे, की ती उघडी होती, गुलामाला आपण गुलाम आहोत हे ठाऊक होते; अस्पृश्यता मात्र आडपडद्याची असल्यामुळे माणसाला आपल्या दास्याची जाणीवही होऊ देत नाही. स्यूडोलसची सारी धडपड त्या जाणिवेतून निघते. त्याच्यापुढे एक दार आहे आणि त्या दाराला किंमत आहे. आपल्या पूर्वजांनी कोणाशी सौदा करावयाचा होता?

या प्रहसनात फिलियाची सुटका पाहा. तिला तिची हुशारी वाचवीत नाही. एका अंगठीवरून ती थोर घराण्यात जन्मलेली, लहानपणी चाच्यांनी पळविलेली मुलगी ठरते, आणि जन्म सिद्ध होताच ती विक्रीचा माल राहत नाही. त्याच घरातील बाकीच्या मुलींना अंगठी नसते. त्या शेवटपर्यंत मालच राहतात, आणि मुक्त झालेल्या स्यूडोलसला बक्षीस म्हणून त्यांच्यापैकीच एक मिळते. ती चित्रपटभर एक शब्द बोलत नाही. येथे आमचे हसू थांबले. भगिनींपैकी अनेकींचे त्याआधीच थांबले असावे.

स्यूडोलसची भूमिका करणारे झीरो मोस्टेल यांच्याविषयी थोडे सांगावयास हवे. १९५५ साली अमेरिकाविरोधी कारवायांची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीपुढे त्यांना उभे करण्यात आले. सहकाऱ्यांची नावे सांगण्यास त्यांनी नकार दिला. काळ्या यादीमुळे चित्रपटांचे दरवाजे त्यांना कित्येक वर्षे बंद होते. भेदरट गुलाम हिस्टीरियम साकारणारे जॅक गिल्फर्ड हेही त्याच यादीत होते. १९६२ साली ब्रॉडवेवर येण्यापूर्वी संगीतिका कोसळू लागली, तेव्हा ती सावरण्यासाठी जेरोम रॉबिन्स यांना बोलाविण्यात आले. याच रॉबिन्स यांनी १९५३ साली समितीपुढे नावे सांगितली होती आणि त्यांत गिल्फर्ड यांच्या पत्नीचेही नाव होते. तरीही मोस्टेल आणि गिल्फर्ड यांनी त्यांच्याबरोबर काम केले, आणि रॉबिन्स यांच्या सूचनेवरून बसविलेल्या नव्या सलामीच्या गाण्याने प्रयोग तरला. धन्यापुढे वाकत, त्याच्याच नजरेआड डोळा मिचकावणारा तो गुलाम मोस्टेल यांनी कोठून आणला असेल, हे आता निराळे सांगण्याचे कारण नाही.

तेव्हा पालकांना आमचे उत्तर असे. मुलाला स्यूडोलसची भूमिका मिळाली तर खुशाल करू द्यावी. शाळेचा प्रयोग मूळ संगीतिकेचा असतो, त्यात स्वातंत्र्याचे ते गाणे असते. वेळ वाचविण्यासाठी ते गाळण्याचा विचार निघाला, तर नाट्यशिक्षकांना भेटून ते ठेवण्याची विनंती करावी. आणि आपल्या मुलीला त्या न बोलणाऱ्या मुलीची भूमिका मिळाली, तर आधी संहिता घरी आणून तिच्यासोबत वाचावी. ती करावयाची की नाही हे तिलाच ठरवू द्यावे.