पंढरपूरचे घाट: नदीकाठचा दगडी धक्का

पंढरपूरचे घाट भीमा नदीच्या उजव्या तीरावर आहेत. भीमाशंकरला उगम पावलेली भीमा पुढे रायचूरच्या बाजूला कृष्णेला मिळते. वाटेत पंढरपुरापाशी ती चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून इथे तिला चंद्रभागा म्हणतात. गाव पश्चिमेला आणि पात्र पूर्वेला असल्यामुळे कोवळे ऊन गल्ल्यांत शिरण्याआधी घाटाच्या पायऱ्यांवर उतरते. सोलापूर जिल्ह्याला समुद्र नाही. तरीही नावेतून उतरून थेट घडीव दगडावर पाय ठेवावा, अशी जुनी जागा या जिल्ह्यात आहे आणि ती इथे आहे.

बंदरावरचा धक्का उभ्या भिंतीचा असतो, घाट मात्र पायऱ्यांचा. फरक पाण्याच्या स्वभावात आहे. मुंबईच्या भाऊच्या धक्क्याला पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. ते किती चढणार, हे तिथीवरून आधीच कळते. भीमेचे तसे नाही. वैशाखात वाळवंटातून चालत जावे इतके पाणी ओसरते, आणि पावसाळ्यात तीच नदी दोन्ही थड्या भरून वाहते. मग धक्क्याची उंची कोणत्या दिवसाचे पाणी धरून ठरवायची? जुन्या गवंड्यांनी उंची ठरवण्याचा प्रश्नच ठेवला नाही. पाणी ज्या पायरीला लागेल, ती त्या दिवसाचा धक्का. नाव तिथे टेकते, स्नान तिथे होते, कळशीही तिथेच भरली जाते.

पायऱ्यांचे दुसरे काम सहसा डोळ्यांत भरत नाही. काठाची माती पुराने कापून नेऊ नये म्हणून हा दगड तिला धरून ठेवतो. पूर ओसरताना खरी परीक्षा होते. पुढचे पाणी झपाट्याने खाली जाते, पण मागची माती भिजलेलीच राहते आणि बांधकामाला बाहेर रेटते. उतरत्या पायऱ्या हा रेटा सोसतात. उभ्या भिंतीमागच्या पाण्याला बाहेर पडायला वाट नसेल, तर तिचा भरवसा नसतो. 14 ऑक्टोबर 2020 रोजी मुसळधार पावसात कुंभार घाटावरची भिंत कोसळून सहा जणांचा मृत्यू झाला.

महाद्वार घाट, कुंभार घाट, उद्धव घाट, चंद्रभागा घाट, दत्त घाट ही नावे वारकऱ्यांच्या तोंडी असतात. यांतला महाद्वार घाट हा गावाचा कणा म्हणावा लागेल. विठ्ठल मंदिराचे महाद्वार पूर्वेकडे आहे, त्याच्या पायथ्याशी नामदेव पायरी आणि समोर चोखोबांची समाधी. तिथून निघालेला रस्ता थेट नदीवर जातो. होळकर वाडा आणि शिंदे सरकारांचा द्वारकाधीश मंदिराचा वाडाही नदीच्याच अंगाला आहेत. आज बहुतेक लोक बसस्थानकाकडून किंवा रेल्वे स्टेशनकडून, म्हणजे गावाच्या मागच्या बाजूने पंढरीत येतात. गावाचे तोंड मात्र अजून नदीकडेच आहे.

आळंदी आणि देहूच्या पालख्या वाखरीमार्गे येतात. ती गावाच्याच थडीची वाट, त्यामुळे त्यांना पंढरपुरापाशी नदी आडवी येत नाही. सोलापूर-मोहोळकडून येणाऱ्याला मात्र पंढरी पैलतीरावर दिसते. पूल नसताना भरल्या पाण्यात नावाड्याशिवाय त्याला विठ्ठल भेटणे कठीण होते. 1906 मध्ये बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी कुर्डुवाडीहून पंढरपूरला आली, पुढे वाहनांचे पूल झाले आणि होड्यांचे महत्त्व उतरले. जुना दगडी पूल इतका बुटका आहे की मोठ्या पुरात तो पहिल्यांदा पाण्याखाली जातो.

होड्या तरीही टिकून आहेत. महादेव कोळी समाजाचे नावाडी त्या चालवतात, आणि नदीच्या वाळवंटातल्या पुंडलिकाच्या मंदिरातली पूजाही याच समाजाकडे आहे. मार्गशीर्षात विठ्ठल महिनाभर विष्णुपदावर राहायला जातो, अशी श्रद्धा आहे. तेव्हा गोपाळपूरच्या बाजूला असलेल्या या स्थानाकडे घाटावरून होड्यांची रीघ लागते. शिदोरी बांधून नेतात, दर्शन होते, नदीकाठी वनभोजन होते. घाट पाहायला याच्याइतका चांगला महिना दुसरा नाही. आषाढीला घाटावर माणसेच दिसतात, दगड दिसत नाही.

1980 मध्ये उजनी धरण पूर्ण झाल्यापासून घाटापुढचे पाणी केवळ पावसावर अवलंबून राहिलेले नाही. आषाढी वारीच्या स्नानासाठी धरणातून पाणी सोडले जाते. सोलापूर शहराची तहान भागवायला औज बंधाऱ्याकडे जे पाणी नदीतून सोडतात, तेही याच पायऱ्यांना लागून पुढे जाते. म्हणजे सोलापूरकरांच्या नळाला येणाऱ्या या पाण्याने आधी पंढरीचा घाट पाहिलेला असतो. त्या पाण्यात काय काय मिसळते, हा प्रश्न अर्थातच उरतो. 2016 मध्ये राज्य सरकारने ‘नमामि चंद्रभागा’ योजना जाहीर केली, ती या प्रदूषणापायीच.

वाळू उपशाने पात्रात ठिकठिकाणी खोल खड्डे पडले आहेत आणि वरून ते ओळखू येत नाहीत. स्नान पायरीवर बसूनच करावे. पावसाळ्यात निघण्यापूर्वी उजनीतून आणि नीरा नदीवरच्या वीर धरणातून किती विसर्ग सुरू आहे, याची चौकशी करावी, कारण दोन्हींचे पाणी पंढरपुरात एकत्रच पोहोचते. पुंडलिकाच्या मंदिराला पाणी लागलेले दिसले, तर होडीत बसू नये. त्या दिवशी वरच्या पायरीवरूनच नदीला हात जोडावेत.