आमचा लेथ कोणत्या सालचा?



विद्वानांच्या या व्यासपीठावर उभे राहताना आम्हांला संकोच वाटतो. आमची शाळा सातवीत सुटली. इंग्रजी अक्षरे आम्ही यंत्रांवरच्या पट्ट्या वाचून शिकलो. तेव्हा आज बोलणार तेही एका यंत्राविषयीच.

18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यांत आमचे वडील होते, ते फिटर. दोन वर्षांनी त्यांनी आईच्या पाटल्या विकून एक जुना लेथ घेतला आणि रेवदंड्याजवळच्या आमच्या गावी आणला. कोळी बांधवांच्या होड्यांचे शाफ्ट त्यावर दुरुस्त होऊ लागले, घरची चूल पेटती राहिली. पण गावात कुजबुज सुरू झाली : संपकऱ्याकडे एवढे यंत्र आले कोठून? गिरणीतूनच पळवले असणार! वडिलांनी कधी उत्तर दिले नाही.

ते गेल्यावर वाटणीत लेथ आमच्याकडे आला. भंगारवाला किलोचा भाव सांगून गेला. वडिलांच्या पेटीत जुन्या बाजारातली 1984 ची पावती निघाली. तीवर यंत्राचा क्रमांक होता. लेथच्या पायावरचा आकडा ताडून पाहिला, तो जुळेना. धाकटे बंधू काही बोलले नाहीत. पण त्या रात्री आम्हां दोघांनाही झोप लागली नाही.

चूक आमचीच होती. पायावरचा उठावाचा आकडा ओतकामाच्या साच्याचा असतो. एका साच्यातून अनेक पाय निघतात, सर्वांवर तोच आकडा. यंत्राचा स्वतःचा क्रमांक पंचाने ठोकलेला, खोलगट असतो. पुष्कळ लेथांवर तो बेडच्या टेलस्टॉककडील टोकाला सापडतो. आम्ही टेलस्टॉक उतरवला, रॉकेलने वंगण आणि खाऱ्या हवेचा गंज भिजवला, चिंधीने पुसला. (पॉलिशपेपर लावू नये, अंकच झिजतात.) एकेक अंक दिसू लागला. पावतीवरचेच अंक ते!

आता साल. बेडवर कोलचेस्टर हे नाव ओतलेले होते, म्हणजे यंत्र इंग्लंडचे. रंगाचे तीन थर निघाल्यावर पितळी पट्टी दिसली : ‘वॉर फिनिश’. दुसऱ्या महायुद्धात तिकडच्या कारखान्यांनी रंगरंगोटी आणि चकाकी यांवरचा वेळ वाचवला, आणि तसे पट्टीवर सांगून टाकले. म्हणजे हा लेथ 1939 ते 1945 च्या दरम्यानचा. पट्टी एका यंत्रावरून दुसऱ्यावर लावता येते, म्हणून आणखी पुरावा पाहिला. पट्ट्याने फिरणारी पायऱ्यांची पुली मूळची, मोटर मागून बसवलेली. लीडस्क्रू आणि मापाच्या चकत्या इंची. सारे त्या काळाशी जुळते.

पेटीत 127 दात्यांचे एक चाक मात्र निराळ्या हाताचे होते. पाच इंच म्हणजे बरोबर 127 मिलिमीटर. म्हणून इंची लेथवर मिलिमीटरचे आटे पाडायला हे चाक लागते. आपल्या देशात 1956 चा कायदा झाला आणि 1958 पासून मेट्रिक मापे येऊ लागली. आमची अटकळ अशी की, त्यानंतर कोणा कारागिराने हे चाक कापून जुन्या यंत्राला नवी मापे शिकवली. त्याचे नाव कोठेही कोरलेले नाही.

मित्रहो, तुमच्या पडवीतही बापाचे एखादे यंत्र गंजत असेल. ते विकू नका, असा उपदेश आम्ही करणार नाही. पोट प्रत्येकाला आहे. पण काट्यावर चढवण्यापूर्वी क्रमांक तेवढा शोधा, पेटीतले कागद चाळा. आम्ही ती पावती काचेत बसवून लेथच्या वर लावली आहे. गावातली माणसे शाफ्ट घेऊन येतात, ती वाचतात. कुजबुज करणारे बहुतेक आता हयात नाहीत. वडीलही नाहीत, एवढेच मनाला लागते.