अंगणवाडीची पंगत आणि दारांतली आजी



आमच्या गांवच्या अंगणवाडींत मी सकाळीं मुलांना गोष्टी सांगावयास जातों. सेवानिवृत्त शिक्षकाला दुसरें येतें तरी काय! साडेअकराच्या सुमारास खिचडीच्या पातेल्यावरचें झांकण निघतें आणि माझ्या गोष्टींतला राजा जागच्या जागीं विसरला जातो. मुलें ताटल्या घेऊन ओळीनें बसतात. नातवाला घेऊन येणारी एक आजी मात्र उंबऱ्याबाहेरच बसून असते. सून मजुरीला गेलेली. "आजीबाई, तुमचें जेवण?" असें मीं एकदां विचारलें. "एकटीसाठी कोण चूल पेटवतं, गुरुजी? सकाळची भाकर आहे की," ती म्हणाली. आजच्या भाषणाचा विषय मला तेथें सांपडला.

अन्न शिजवून तेथल्या तेथें पंगतींत वाढणें आणि धान्य मोजून घरीं देणें, या दोहोंत किती अंतर आहे तें मीं नोकरींत असतांना पाहिलें आहे. 1995 सालीं प्राथमिक शाळांसाठीं मध्यान्ह भोजनाची योजना देशभर निघाली. परंतु पुष्कळ ठिकाणीं जेवणाऐवजीं हजेरी पाहून दरमहा तीन किलो धान्यच मिळे. आमच्या शाळेंत तांदूळ येई व तो मीं स्वतः तराजूनें मोजून दिला आहे. पिशवी घरीं गेली कीं ती साऱ्या कुटुंबाची होई, आणि त्यांत गैर तें काय? पण दुपारीं वर्गांत पेंगणारें मूल तसेंच पेंगत राही. 28 नोव्हेंबर 2001 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें मुलांना शिजवलेलें अन्नच द्यावें असा हुकूम केला. पुढें आमच्या शाळेंत चूल आली. फळा काळाच होता, भिंतीहि झाल्या. पण पेंगणें थांबलें.

अंगणवाडीची योजना याहून जुनी. 2 ऑक्टोबर 1975 रोजीं ती 33 प्रकल्पांत सुरू झाली. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तेथें ताजें अन्न, त्याहून लहानांना घरीं न्यावयाचा शिधा, अशी तिची व्यवस्था. मुलाच्या आहारांत 500 किलोकॅलरी व 12 ते 15 ग्रॅम प्रथिनें असावींत, असा दंडक 2009 सालीं घातला गेला होता. 2017 सालीं त्यासाठीं दर मुलामागें दिवसाला आठ रुपये ठरले. त्यांत काय काय बसतें याचा हिशेब गृहिणींनींच करावा. आपल्या राज्यानें 2015 सालीं अमृत आहार योजना काढून आदिवासी भागांतील गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडींतच एक वेळचें चौरस जेवण द्यावयास प्रारंभ केला. म्हणजे लहानांच्या या पंगतीला मोठें माणूस बसूं शकतें. मग म्हातारें कां नको?

ही कल्पना माझी नव्हे. तमिळनाडूंत मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांनीं 1982 सालीं बालकांसाठीं पौष्टिक आहाराची मोठी योजना सुरू केली, आणि पुढच्याच वर्षीं निवृत्तिवेतन घेणाऱ्या निराधार वृद्धांनाहि तींत दुपारचें जेवण मिळूं लागलें. अमेरिकेंत पाळणाघरांतील मुलांच्या जेवणास 1968 सालीं सरकारी साहाय्य सुरू झालें. 1987 सालीं साठीवरील वा अपंग माणसांना दिवसभर सांभाळणारीं केंद्रेंहि त्याच छत्राखालीं आलीं. साठीवरील म्हणजे त्यांत मीहि आलों!

येत्या ग्रामसभेंत मी हा प्रश्न मांडणार आहें. दिवसभर घरीं एकटीं असणारीं अकरा म्हातारीं माणसें मीं आमच्या गांवांत मोजलीं. धान्य गांवानें द्यावें, आणि अंगणवाडी सुटल्यावर त्याच ओसरीवर त्यांचीं पानें मांडावीं. मात्र हें ओझें सेविका व मदतनीस यांच्या शिरावर फुकट टाकणें मला मान्य नाहीं. मानधनाच्या नांवाखालीं त्यांना आधींच पुष्कळ राबविलें जातें. स्वयंपाकाला वेगळी बाई हवी व तिला वेगळी मजुरी हवी. तूर्त मदतनीस बाई पातेलें खरवडून आजीला पळीभर खिचडी वाढतात. ती नोंदवहींत कोणत्या रकान्यांत लिहावी, असें त्यांनीं मला विचारलें. मला सांगतां आलें नाहीं.