वही कोणाची, हिशेब कोणाचा?



शिरूर आणि दौंड हा टापू हिशेबाच्या वहीवरून एकदा पेटलेला आहे. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील करडे गावातून सावकारांवरील बहिष्काराला सुरुवात झाली. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे दंग्याचा भडका उडाला. आजचा दौंडचा मुलूख त्या काळी भीमथडीतच मोडत असे. अमेरिकेतील यादवी संपल्यावर कोसळलेले कापसाचे भाव, वाढीव शेतसारा आणि कर्जापायी होणाऱ्या जप्त्या यांनी शेतकरी पिचून गेला होता. परंतु त्याचा रोख कशावर होता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. त्याला हवे होते ते कर्जरोखे आणि हुकूमनामे. जेथे ते निमूटपणे हवाली करण्यात आले तेथे बहुधा पुढे काही घडले नाही, असे सरकारी चौकशी आयोगानेच नमूद केले आहे.

ज्या कागदावर शेतकऱ्याचा अंगठा होता तो कागद त्याला वाचता येत नव्हता, आणि तो दुसऱ्याच्या पेटीत बंद होता. म्हणूनच १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने शेतकऱ्याला भरलेल्या रकमेची पावती, वार्षिक हिशेबाचा उतारा आणि खातेपुस्तक मागण्याचा हक्क दिला. या कायद्याने सावकारी संपली नाही. परंतु ज्याच्या नावाने नोंद होते त्याला ती नोंद पाहण्याचा अधिकार आहे, हे तत्त्व मात्र प्रस्थापित झाले. ते तत्त्व आज एका नव्या वहीला लावून पाहण्याची वेळ आली आहे.

दौंड तालुक्यातील एखादा गुऱ्हाळवाला स्वतःचे ऑनलाइन दुकान थाटतो आणि फेसबुक व गूगलवर गुळाची जाहिरात करतो, असे समजू. जाहिरातीवर खर्च केलेल्या पैशातून किती ढेपा विकल्या गेल्या, हे त्याला कळायला हवे. ही अपेक्षा रास्तच आहे. आजवर ही मोजदाद ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये होत असे. दुकानाच्या पानात जाहिरात कंपनीचा एक छोटा प्रोग्राम बसवलेला असे आणि तो ग्राहकाच्या मोबाइलवरून थेट कंपनीला वर्दी देई. पुढे या वाटेवर अडसर आले. २०१७ पासून ॲपलच्या सफारी ब्राउझरने कुकींवर निर्बंध घातले. एप्रिल २०२१ पासून आयफोनवरील ॲपना माग काढण्यापूर्वी परवानगी विचारणे भाग पडले. जाहिराती रोखणारी साधनेही पसरली. विक्री होई, पण जाहिरातीच्या हिशेबात ती दिसेना.

यावर निघालेला तोडगा म्हणजे सर्व्हरवरून माग काढणे. या पद्धतीत ग्राहकाच्या हालचालीची नोंद प्रथम दुकानाच्या स्वतःच्या सर्व्हरवर येते आणि तेथून ती जाहिरात कंपनीच्या सर्व्हरकडे परस्पर रवाना होते. २०२० मध्ये गूगलने यासाठी आपल्या टॅग मॅनेजरची सर्व्हरवर चालणारी आवृत्ती आणली. फेसबुकची कन्व्हर्जन्स एपीआय याच कामाची. दोन्ही वाटा चालू ठेवल्यास एकच विक्री दोनदा मोजली जाऊ नये म्हणून प्रत्येक नोंदीला एकच क्रमांक देऊन दोन्हीकडून तो पाठवावा लागतो. या पद्धतीचा खरा गुण दुसराच आहे. बाहेर काय जावे आणि काय जाऊ नये, हे ठरवण्याची सत्ता दुकानदाराच्या हाती येते. नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक यांपैकी जे आवश्यक नाही ते त्याला उंबऱ्यावरच अडवता येते.

परंतु हीच सत्ता उलटही वापरता येते. ब्राउझरमधील माग ग्राहकाला निदान अडवता येत होता. दोन सर्व्हरांमधील देवघेव त्याला दिसतच नाही. वही दुकानाच्या दर्शनी भागातून मागच्या खोलीत गेली, एवढाच त्याच्या लेखी याचा अर्थ. मोबाइल क्रमांकाचे हॅशमध्ये रूपांतर करून तो पाठवला जातो, म्हणून ओळख उघड होत नाही, असे समर्थन केले जाते. ते टिकणारे नाही. एका क्रमांकाचा हॅश प्रत्येक वेळी तोच येतो, आणि ज्या कंपनीकडे तो क्रमांक आधीच आहे तिला जुळणी करणे मुळीच अवघड नसते. किंबहुना जुळणी व्हावी हाच त्या पाठवणीचा हेतू असतो.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर सहा वर्षांनी डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मुख्य बंधनांसाठी अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. हा कायदा म्हणतो की संमती मुक्त, विशिष्ट आणि समजून-उमजून दिलेली असावी. ती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे. आपली माहिती कोणाकोणाला दिली गेली, हे विचारण्याचा हक्क ग्राहकाला आहे. सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील भाषेत, म्हणजेच मराठीतही, वाचण्याचा पर्याय त्याला मिळाला पाहिजे. अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढण्यास मनाई आहे. यंत्रणा एखाद्या एजन्सीने बसवून दिली, ही सबबही चालणार नाही. जबाबदारी दुकानदाराचीच राहते.

तेव्हा शिरूर-दौंडच्या लहान दुकानदाराने काय करावे? ग्राहकाने नकार दिला, तर तो नकार सर्व्हरपर्यंत पोहोचला पाहिजे आणि त्याची नोंद तेथेच थांबली पाहिजे. संमती असली तरी आवश्यक तेवढेच पाठवावे. काय पाठवले जाते आणि कोणाला, हे साध्या मराठीत दुकानाच्या पानावर लिहावे. जुन्या नोंदी ठरावीक मुदतीनंतर पुसाव्यात. यासाठी मोठे भांडवल लागत नाही, इच्छा लागते.

आणि या व्यवहारात दुकानदारही सावकार नव्हे, हे विसरून चालणार नाही. शेकडो गावांतील हजारो दुकानांच्या वह्या दोन-चार कंपन्यांच्या पेटीत जमा होत आहेत. आपलेच गिऱ्हाईक गाठण्यासाठी दुकानदार त्यांना पैसे मोजतो आणि वर माहितीही देतो. गुऱ्हाळवाला आणि त्याचा ग्राहक हे दोघेही त्या वहीतील खातेदारच आहेत. म्हणून ग्राहकाचा हक्क सांभाळणे हे दुकानदारावरचे ओझे नसून त्याच्या स्वतःच्या हक्काची ती पहिली पायरी आहे. १८७५ मध्ये वह्या जाळाव्या लागल्या, कारण त्या उघडून दाखवण्याची सक्ती कोणावर नव्हती. आज तशी तरतूद कायद्यात आली आहे. ती कागदावर राहू न देणे, हे दुकानदार आणि ग्राहक या दोघांचेही काम आहे.