जुन्या पिकअपचं डिझेल जातं कुठं?

ओतूर, आळेफाटा, नारायणगाव या भागातून टोमॅटोची कॅरेट भरलेल्या पिकअप गाड्या माळशेज घाट उतरतात आणि मुरबाड-कल्याणवरून वाशीच्या बाजारात जातात. यात दहा-दहा, बारा-बारा वर्षं चाललेल्या गाड्या कितीतरी असतात. मालकाला विचारावं, ‘लिटरला किती देते?’ तर उत्तर येतं, ‘आधी बारा द्यायची, आता नऊवर आलीय. जुनी झाली ना!’

हे उत्तर मला कधीच पटलेलं नाही. इंजिनाची झीज होते हे खरं, पण बारावरून नऊवर आलेली गाडी केवळ वयामुळे आलेली नसते. ते डिझेल कुठंतरी जात असतं. कुठं जातं ते शोधता येतं, आणि बहुतेक वेळा थांबवताही येतं. त्याबद्दलच आज बोलायचं आहे, कारण हा पैसा शेतकऱ्याच्या आणि ड्रायव्हरच्या घरातून जातो.

आधी एक हिशोब मांडतो. एक गाडी लिटरला ८ किलोमीटर देते, ती दुरुस्तीनंतर १० देऊ लागली. दुसरी १४ देते, ती १६ वर गेली. दोन्हीकडे वाढ दोनचीच. पण शंभर किलोमीटरला पहिलीचं डिझेल साडेबारा लिटरवरून दहावर येतं, म्हणजे अडीच लिटर वाचतं. दुसरीचं एक लिटरही वाचत नाही. म्हणजे ॲव्हरेज जितकं खराब, तितकी सुधारणा जास्त मोलाची. नव्या गाडीवाल्यानं एक वेळ दुर्लक्ष केलं तर चालेल. जुन्या गाडीवाल्याला ते परवडत नाही.

आता मोजायचं कसं? डिझेलच्या काट्यावर भरवसा ठेवू नका. टाकी पूर्ण भरा, किलोमीटर लिहून ठेवा, गाडी नेहमीसारखी चालवा, मग त्याच पंपावर, गाडी सपाट जागी उभी करून, परत पूर्ण भरा. जितकं डिझेल बसलं तितकं खर्च झालं. मोजणी मात्र जाऊन-येऊन पूर्ण फेरीची हवी. आपल्याकडून वाशीला जाताना गाडी घाट उतरते आणि येताना चढते. माळशेजचा चढ सुमारे सहाशे मीटरचा धरा. रिकामी गाडी पावणेदोन टनांची असली, तर नुसती ती उंची गाठायला पाऊण लिटरच्या आसपास डिझेल जळतं. त्यामुळे एका बाजूचं ॲव्हरेज काढून काहीच कळत नाही. आणि मीटर बरोबर दाखवतो का, तेही एकदा रस्त्यावरच्या किलोमीटरच्या दगडांशी ताडून बघा. मूळ मापापेक्षा मोठे टायर टाकले असतील तर मीटर कमी अंतर दाखवतो, आणि मालक उगाच इंजिन उघडून बसतो.

आकडा हातात आला की तपासणी चाकांपासून सुरू करा, इंजिनापासून नको. सपाट रस्त्यावर पंधराएक किलोमीटर चालवा, शक्यतो ब्रेक न मारता, आणि गाडी आपोआप वेग उतरवत थांबू द्या. मग खाली उतरून चारही चाकांच्या रिमजवळ तळहाताची मागची बाजू न्या. टेकवू नका, चटका बसेल. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असलं, तर तिथं ब्रेक धरून राहतोय किंवा बेअरिंग कडक झालंय. हँडब्रेकची केबल गंजून अडकते, व्हील सिलिंडर परत येत नाही, कॅलिपरची पिन जाम होते, कधी मेस्त्रीनं लायनर फारच घट्ट लावलेले असतात. मग इंजिन दिवसभर त्या ब्रेकशी झगडत गाडी ओढतं. ड्रायव्हरला कळत नाही, कारण बिघाड हळूहळू वाढतो आणि पाय तितकंच जास्त ॲक्सिलरेटर दाबायला शिकतो. चाक जॅकवर उचलून हातानं फिरवलं की दोन मिनिटांत खरं काय ते समजतं.

टायरच्या हवेचं सगळ्यांना ठाऊक आहे, तरी ती तपासतात थोडेच. हवेचा आकडा गाडीच्या पाटीवर किंवा पुस्तकात असतो. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचा वेगळा असतो, पुढच्या-मागच्या चाकांचाही वेगळा असतो. सकाळी गाडी निघण्याआधी, टायर थंड असताना मोजा, आणि गेज स्वतःचं घ्या. हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्यात चेपतो आणि परत उघडतो. त्या मळण्यातच ताकद जाते आणि टायर तापतो. भरल्या गाडीचा टायर उन्हाळ्यात फुटतो तो बऱ्याचदा याच कारणानं. म्हणून समृद्धी महामार्गासारख्या लांब, सरळ रस्त्यावर जाण्याआधी हे तपासणं डिझेलपेक्षा जिवासाठी जास्त गरजेचं आहे.

आता इंजिनाकडे येऊ. आज जरा थांबून बोलायचं आहे ते इथेच. जुन्या डिझेल गाडीत यांत्रिक पंप असतो. नव्या गाडीत सेन्सर आत येणारी हवा मोजतो आणि कंप्युटर त्या मानानं इंधन सोडतो. जुन्या पंपाला ही समज नाही. तुम्ही पाय जितका दाबाल तितकं डिझेल तो आत ढकलतो, ते जाळायला हवा पुरेशी आहे की नाही हे त्याला कळत नाही. फिल्टर धुळीनं बुजला असेल तर हवा कमी पडते, डिझेल अर्धवट जळतं आणि सायलेन्सरमधून काळं होऊन बाहेर येतं. चढावर गाडीमागे काळ्या धुराचा लोट दिसला की काही जण म्हणतात, गाडीला ताकद आहे. तो धूर म्हणजे पैसे मोजून घेतलेलं आणि पुरतं न जळलेलं डिझेल आहे.

आपल्या गाड्या डांबरीवरून निघून थेट शेतात, बांधापर्यंत जातात. त्यामुळे पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरची वाट बघू नका, फिल्टर त्याआधीच उघडा. कागदी फिल्टर धुवायचा नसतो. बेताच्या दाबाची हवा आतून बाहेरच्या दिशेनं मारायची. मग आत दिवा धरून बाहेरून बघायचं. कुठं सुईएवढं भोक दिसलं तरी तो फेकून द्या, कारण त्या भोकातून गेलेली धूळ पिस्टन आणि रिंगा घासून काढते. गाडी टर्बोची असेल तर टर्बोपासून इंजिनापर्यंतचे रबरी होसही चाचपा. क्लिप ढिली झाली किंवा होसला चीर गेली की दाबाखालची हवा तिथूनच निसटते. त्या जागी बहुधा तेलकट डाग दिसतो, आणि रेस केल्यावर सूं आवाज येतो. काही रुपयांच्या क्लिपनं बरी होणारी गाडी याच दुर्लक्षापायी नोझलच्या दुरुस्तीला जाते.

हवेची बाजू नीट असूनही धूर जात नसेल, तर मग इंजिनात डिझेल फवारणारे नोझल बघा. फवारणी करणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. फवारणी पंपाचा नोझल झिजला की धुकं पडायचं थांबतं, थेंब पडू लागतात, औषध जास्त जातं आणि कीड तशीच राहते. इंजिनात नेमकं हेच होतं. थेंब मोठा झाला की तो पुरता जळत नाही, पिस्टनवर पडतो, भिंतीवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतो. नोझल काढून टेस्टिंगला न्या आणि तुम्ही स्वतः तिथं उभे राहा. प्रत्येक नोझल किती दाबाला उघडतो, फवारा सगळीकडे सारखा पडतो का, बंद झाल्यावर टोकाशी थेंब लोंबतो का, हे डोळ्यांनी बघता येतं. त्याच फेरीत पंपाचं टायमिंगही तपासून घ्या. मात्र कोणी म्हणालं, ‘पंप थोडा वाढवून देतो, गाडी पळेल’, तर नको म्हणा. डिझेल वाढतं, हवा तितकीच राहते, आणि परत तोच धूर. कॉमन रेलच्या, म्हणजे कंप्युटरनं इंधन सोडणाऱ्या गाड्यांना मात्र रस्त्याकडेला हात लावू देऊ नका. त्यांच्या इंधनाचा दाब फार मोठा असतो, आणि दोष स्कॅनरवर शोधावा लागतो.

एका गोष्टीचं मला खरंच वाईट वाटतं, ती म्हणजे काढून टाकलेला थर्मोस्टॅट. गाडी एकदा तापली की कितीतरी गॅरेजमध्ये पहिला इलाज हाच करतात: रेडिएटरच्या पाण्याच्या वाटेतला हा व्हॉल्व्ह काढायचा. गाडी तापायची थांबते, मालक खूश होतो. पण इंजिनाला ८० ते ९० अंशांची उष्णता लागते, ती त्याला मिळेनाशी होते. पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं, इंजिन थंडच राहतं, ऑइल घट्ट राहतं, डिझेल नीट पेटत नाही. जुन्नरच्या थंडीत पहाटे निघालेली गाडी मग निम्मी वाट थंड इंजिनानं कापते आणि झीजही वाढते. गाडी का तापत होती, रेडिएटर चोंदला होता की पंखा की पाण्याचा पंप, ते शोधायला हवं होतं. तुमच्या गाडीचा काटा अर्धा तास चालवूनही वर येत नसेल, तर व्हॉल्व्ह आहे का ते विचारा. नवा आणलात तर दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडा आणि पाणी तापवा. उकळी यायच्या आत तो उघडताना दिसला पाहिजे.

या साध्या कामांसाठी पैसे हाताशी ठेवा, म्हणून सांगतो: डिझेलच्या नळीवर लावायचं लोहचुंबक, टाकीत टाकायची गोळी, ॲव्हरेज वाढवणारी डबी यांच्यावर ते घालवू नका. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण खात्यानं इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभराहून अधिक उपकरणं आणि द्रव्यं तपासली. त्यातल्या बहुतेकांचा काहीच उपयोग दिसला नाही, आणि काहींनी इंजिनाचं नुकसानही होऊ शकतं.

चालवण्याकडे वळू. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो. ६० च्या जागी ८० नं गेलात, तर वेग तिसऱ्या हिश्श्यानं वाढतो आणि वाऱ्याचा अडथळा पावणेदोन पटीहून जास्त होतो. पिकअपचा पुढचा भाग उभा, वर कॅरेटची थप्पी, त्यात ताडपत्री ढिली असली तर ती वारा भरून फुगते. दोरी कसून बांधा आणि ताडपत्री चारही बाजूंनी आवळा. येताना गाडी रिकामी असेल तर उंच जाळी काढून ठेवता आली तर ठेवा. फाळका उघडा टाकून डिझेल वाचतं हा समज मात्र सोडा. बंद फाळक्याच्या हौद्यात हवेचा भोवरा स्थिर होतो आणि वरचा वारा त्याच्यावरून सरळ निघून जातो. शिवाय उघडा फाळका मागच्या दुचाकीवाल्याला धोक्याचा. बाजाराच्या गेटवर रांगेत उभे असाल तर इंजिन बंद करा. अडीच लिटरचं जुनं डिझेल इंजिन उभ्या उभ्या तासाला अर्धा लिटर, कधी त्याहूनही जास्त पितं. टर्बोची गाडी चढ चढून आली असेल तर एखादं मिनिट चालू ठेवून मग बंद करायची, एवढंच.

आता शेवटचं, आणि ते फार कळकळीनं सांगतोय. घाट उतरताना गाडी न्यूट्रल करू नका. डिझेल वाचवायला म्हणून कितीतरी अनुभवी ड्रायव्हर हे करतात. डिझेल त्यानं वाचत नाही. गाडी गिअरमध्ये असते आणि पाय ॲक्सिलरेटरवरून उचललेला असतो, तेव्हा चाकंच इंजिन फिरवतात. पंपाचा गव्हर्नर डिझेल तोडतो, खर्च शून्यावर येतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला स्वतःच्या ताकदीवर चालू राहावं लागतं, म्हणून ते डिझेल घेत राहतं. म्हणजे न्यूट्रलवाला डिझेल जाळत उतरतो आणि गिअरवाला न जाळता. काही जण तर इंजिनच बंद करतात. मग ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो, पॉवर स्टिअरिंग जड होतं, आणि मागे हौद्यात टनभर माल असतो.

न्यूट्रलमध्ये गाडीचा सगळा भार ब्रेकवर येतो. ड्रम तापतात, लायनरची पकड सुटते, पेडल दाबलं तरी गाडी थांबत नाही. माळशेजच्या वळणांवर, धुक्यात आणि पावसात हे घडलं तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून घाटाच्या माथ्यावरच गिअर खाली घ्या. भरली गाडी चढवताना जो गिअर लागतो, तोच उतरताना लावा. ब्रेक सतत दाबून धरू नका, लागेल तेव्हा नीट दाबा आणि सोडा. ब्रेक जास्त वापरावे लागले असतील तर पायथ्याच्या मोरोशी-टोकावड्याला गाडी थोडा वेळ थांबवा. चाकाला दगड लावा आणि ड्रम आपोआप निवू द्या. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, त्याला तडा जातो.