उशाशीं असलेली औषधांची पिशवी



ज्या वडीलधाऱ्या मंडळीनें हा धर्मग्राम उभा केला, तिचें आपण ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगीं कृतज्ञतेनें स्मरण करीत आहों. त्यांपैकीं जे आज हयात असून आजारानें खाटेवर आहेत, त्यांच्या उशाशीं असलेल्या औषधांच्या पिशवीविषयीं बोलणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

आजाऱ्यांस ख्रिस्तप्रसाद देण्यास आम्ही घरोघर जातों, तेव्हां आठ आठ, दहा दहा प्रकारच्या गोळ्या दृष्टीस पडतात. कांहीं हृदयाच्या डॉक्टरांच्या, कांहीं मधुमेहावरील, कांहीं दुकानांतून परभारें आणलेल्या. कोणती गोळी कशासाठीं, असें विचारल्यास बहुधा घरांत कोणासच सांगतां येत नाहीं.

वैद्यांस नांवें ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. प्रत्येक डॉक्टर आपल्यापुढील व्याधीपुरतें योग्य तेंच देतो. परंतु दुसऱ्यानें काय दिलें आहे हें त्यास कोणी सांगत नाहीं. शिवाय तरुणास जें मानवतें तें वृद्धास मानवेलच असें नाहीं. वयोमानानें मूत्रपिंडांची शक्ति उणी होते व औषध शरीरांत अधिक काळ रेंगाळतें. झोपेसाठीं दिलेल्या डायझेपामचा अंश वृद्धाच्या देहांत कित्येक दिवस राहतो; मग गुंगी येते, तोल जातो आणि पडून खुब्याचें हाड मोडतें. मधुमेहावरील ग्लिबेनक्लामाइड रक्तांतील साखर इतकी उतरवूं शकतें कीं, रोगी भ्रमिष्टासारखा बरळूं लागतो. सर्दीवरील क्लोरफेनिरामीननेंहि वृद्धांस भ्रम होतो, लघवी अडते. घरचीं माणसें मात्र “आतां वय झालें” असें म्हणून स्वस्थ बसतात. हा समज फार घातक आहे. कारण वयावर उपाय नाहीं, औषधावर आहे.

कित्येकदां एक औषध दुसऱ्यास बोलावून आणतें. रक्तदाबावरील अॅम्लोडिपीननें कोणाचे घोटे सुजतात. तो नवा रोग समजून सूज उतरविण्यास लघवी वाढविणारी गोळी दिली जाते. तिच्या योगें म्हातारी रात्रीं वारंवार उठते, घेरी येऊन पडते. मग दुखण्यावर तिसरी गोळी येते. आणि रक्तदाबाच्या कांहीं औषधांबरोबर लघवीची गोळी व वेदनाशामक गोळी अशीं तिन्ही एकत्र आलीं म्हणजे मूत्रपिंडांस अपाय होण्याचें भय असतें.

ही चिंता आमचीच नव्हे. अमेरिकेंतील डॉ. मार्क बिअर्स यांनीं 1991 सालीं वृद्धाश्रमांतील रोग्यांकरितां टाळण्याजोग्या औषधांची यादी प्रसिद्ध केली. तेथील वृद्धवैद्यक संस्थेनें ती 2023 सालीं पुन्हां सुधारली. आयर्लंडांतील वैद्यांनीं 2008 सालीं दोन याद्या केल्या: एक थांबविण्याच्या औषधांची, दुसरी आवश्यक असूनहि द्यावयाचीं राहून गेलेल्या औषधांची. ही दुसरी यादी विसरूं नये. औषधें कमी करणें हा हेतु नव्हे. योग्य तेंच देणें हा हेतु होय.

म्हणून आमची तीन गोष्टींची विनंती आहे. पहिली, निदान वर्षांतून एकदां, तसेंच इस्पितळांतून घरीं आल्यावर, काढे व चूर्णें यांसह सगळी पिशवी एकाच विश्वासू डॉक्टरांपुढें ठेवावी. दुसरी, प्रत्येक औषधाविषयीं विचारावें: हें कशासाठीं? किती दिवस? ह्या वयास प्रमाण बरोबर आहे काय? नवा त्रास ह्यानेंच तर झाला नाहीं ना? तिसरी व सर्वांत महत्त्वाची, आमचें हें बोलणें ऐकून कोणीहि आपल्या मनानें औषध बंद करूं नये. हृदयाचीं कांहीं औषधें, झोपेच्या गोळ्या व स्टेरॉइड एकाएकीं सोडल्यास जिवावर बेततें. तीं डॉक्टरांच्या देखरेखीखालीं हळूहळू कमी करावयाचीं असतात.

ज्यांचीं मुलें परगांवीं आहेत, अशा शेजारच्या वृद्धांच्या औषधांची यादी तरुणांनीं मोठ्या अक्षरांत लिहून द्यावी व त्यांजबरोबर दवाखान्यांत जावें. आईबापांचा मान राखा असें आपण बाळपणापासून शिकत आलों. त्यांच्या औषधांची चौकशी करणें हाहि त्या मानाचाच भाग आहे. ज्युबिलीचे दिवे उतरण्यापूर्वीं प्रत्येक घरांत एवढें काम झालें, तर आम्ही धन्यता मानूं.